माझ्या पायांना केळीची पिशवी

मुलांनो, होळी झाली, थंडी सरली, आणि पुढच्या आठवड्यात तुमचे बाबा इथे येतायत. माझी सायकल विकायचं त्यांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. आजी सायकलवरून पडली, एवढंच तुम्ही त्यांच्याकडून ऐकलं असेल. उरलेलं माझ्याकडून ऐका.

मी रोज सकाळी तापीकाठच्या आपल्या केळीच्या मळ्यात सायकलने जाते. नोकरीत होते तेव्हा इंग्रजी शिकवायलाही सायकलनेच जायचे. सातपुड्याकडचा वारा सुटला की पायांची बोटं बधिर होतात. म्हणून तुमच्या बाबांनी तिकडून जाड बूट पाठवले, आत लोकरीचे दोन-दोन मोजे घालण्याच्या सूचनेसह. घातले. बूट इतके आवळले की बोटं हलेनात. पाय आणखीच गार पडले, पेडल कुठे आहे ते कळेना, आणि मी पाटात गेले. गुडघा खरचटला. पडताना पायांत त्यांचेच बूट होते, हे त्यांनी सांगितलं नसणार.

दुसऱ्या दिवशी मळ्यात केळीच्या घडांवर पिशव्या चढवणं चाललं होतं. पातळ, पांढरी, कापडासारखी पिशवी. थंडीत घड गारठू नये म्हणून. मी एक घेतली आणि कापून दोन केल्या. जुने सैल कॅनव्हासचे बूट, आत एकच मोजा, बुटावरून पिशवी, टाचेकडे मोकळी. बोटं हलत होती आणि वारा लागत नव्हता.

शेकोटीपाशी बसलेले माझे धाकटे दीर ओरडले, "काय वहिनी, पायले घड लागनात का?"

"लागनात! भाव ऊना की उतारसू." म्हणजे, भाव आला की घड उतरवीन.

कुणीतरी फोटो तुमच्या बाबांना पाठवला. लगेच फोन.

"आई, लोक हसतायत."

"हसू देत. गारठतात ते माझे पाय."

"वय झालंय तुझं. मी आलो की सायकल विकणार."

"केळीला पांघरूण चालतं आणि आईला नाही?"

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"होळीपर्यंत पडले तर विक. नाही पडले तर हा विषय बंद."

त्यावर तुमचे बाबा "बरं" म्हणाले. ते विसरतील, तुम्ही लक्षात ठेवा.

होळी झाली. मी पडले नाही. सायकल ओसरीत उभी आहे, आणि ती माझीच आहे.