देवाला सोडलेली पिवळी

देवाशी भांडायला कुणाची परवानगी लागत नाही, हे मला नवरा गेल्यावर कळलं. तेव्हापासून दर रविवारी वडूजबाहेरच्या माळावर खंडोबाच्या देवळात जायचं, हात जोडायचे आणि आठवड्याभराची गाऱ्हाणी मनातल्या मनात ऐकवायची, हा माझा नेमच झाला. मी शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईला बोलायला कुणीतरी लागतंच, आणि लेक लग्न होऊन विट्याला गेल्यावर घरात मी आणि माझी कुत्री पिवळी अशा दोघीच उरलो. ज्या रविवारची हकीकत सांगते आहे त्या रविवारी मात्र मी गाऱ्हाणं घेऊन गेले नव्हते. मला देवाकडून एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते मिळेल असा विश्वास माझ्या मनात फारसा उरला नव्हता.

प्रश्न माझ्याच नवसामुळे उभा राहिला होता. पिवळी दोन महिन्यांची असताना तिला रक्ताची हगवण लागली. सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि नुसतं ‘बघू’ म्हणाले. डॉक्टर ‘बघू’ म्हणाले की काय समजायचं, ते मी नवऱ्याच्या आजारपणात शिकले होते. घरी आले, देव्हाऱ्यापुढे बसले आणि बोलून गेले, ‘खंडेराया, ही वाचली तर तुझी.’ ती वाचली. पुढच्या रविवारी मी तिला उचलून देवळात नेलं. तिथल्या गुरवआबांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि काळ्या दोऱ्यात कवडी ओवून गळ्यात बांधली. आमच्याकडे बोकड नाहीतर वळू देवाला सोडतात, तशी मी पिवळी देवाला सोडली. राहायला ती माझ्याच घरी, माझ्याच मशीनखाली. पण देवाला सोडलेल्या जनावराला शस्त्र लावायचं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. कुत्रीलाही हा नियम लागू होतो का, ते मी कुणाला विचारलं नाही. मीच तो लावून घेतला.

पिवळी मोठी झाली आणि पिलांची रांग सुरू झाली. पहिल्या वेताला पाच, दुसऱ्या वेताला सात. ब्लाऊज न्यायला आलेल्या प्रत्येक बाईच्या पिशवीत मी पिलू सरकवायला बघायची. माझा हा उद्योग गल्लीत इतका माहीत झाला होता की बायका दारातूनच ‘पिलू नको, नुसता ब्लाऊज दे’ म्हणायच्या. हसण्यावारी न्यायचं सगळं, पण नर पिलं जायची आणि माद्या उरायच्या. दुसऱ्या वेतातल्या तीन माद्या एका सकाळी दिसेनात. कुणीतरी त्या पोत्यात घालून येरळेच्या पात्रात टाकून आलं होतं. कोण ते मला माहीत आहे. मी काही बोलले नाही, कारण त्याच्या दारात घाण करणारी पिलं माझीच होती. चार दिवस पिवळी घराचा कोपरा न् कोपरा हुंगत फिरली. मशीनच्या ड्रॉवरपाशी येऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी कात्री हातात धरून रडायची.

तिसऱ्या वेताला ती मरता मरता वाचली. शेवटचं पिलू अडलं होतं. डॉक्टरांनी ते कसंबसं ओढून काढलं आणि हात धुता धुता मला स्पष्ट सांगितलं, ‘ताई, हिचं पिलं बंद व्हायचं ऑपरेशन करून घ्या. पुढच्या वेताला ही राहायची नाही.’ मी म्हटलं, पैसे नाहीत. ते खरंच होतं. सातारा-कराडला खाजगीत जे मागतात ते माझ्या मशीनला झेपणारं नव्हतं. शेजारणींना मात्र मी सांगितलं, देवाची कुत्री आहे, शस्त्र कसं लावणार. आणि रात्री अंथरुणावर पडलं की मला कळायचं, हे पैशाचंही नाही आणि देवाचंही नाही. मला भीती वाटत होती. मी माझ्या हाताने तिला टेबलावर ठेवावं आणि ती उठूच नये, मग मी कुणाशी भांडायचं? नवऱ्याच्या ऑपरेशनच्या कागदावर सही मीच केली होती. तो घरी परत आला नाही.

मग डॉक्टरांचाच निरोप आला. सांगलीहून एका संस्थेची गाडी येणार होती. पिवळं रेशनकार्ड असणाऱ्यांच्या कुत्र्या-मांजरांची ऑपरेशनं नावापुरत्या पैशात होणार होती, ती जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात, आणि वार होता रविवार. पैशाची सबब गेली. राहिला नवस. तेव्हा मी ठरवलं, कौल लावायचा. देव सांगेल तसं करायचं.

त्या रविवारी मी पिवळीला घेऊनच माळ चढले. बाहेरच्या लिंबाला तिला बांधलं आणि आत गेले. आबांनी ओल्या मूर्तीला दोन्ही खांद्यांवर झेंडूची एकेक पाकळी चिकटवली. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी हात जोडून बसले. एक पाकळी हलेना की दुसरी. अर्धा तास गेला, तास गेला. मधे बायका आल्या, नारळ फुटले, घंटा वाजल्या, आणि दोन्ही पाकळ्या शिवून टाकल्यासारख्या तिथंच. मला राग यायला लागला. मनात म्हटलं, नवरा न्यायला तुला वेळ लागला नाही, आणि आता साधं हो-नाही सांगायला एवढा वेळ? आबा माझ्याकडे बघत होते. ‘बाय, देव काय घाईत न्हाई. तूच हायस,’ म्हणाले आणि समई पुसायला लागले.

चरफडतच मी बाहेर आले. लिंबाखाली पिवळी नव्हती. दोरीही नव्हती. माझी गाठ सुटत नाही, जन्म गेलाय माझा गाठी मारण्यात. पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं, नीट बांधली नसेल. मी देवळाला दोन फेऱ्या मारल्या, नाव घेऊन हाका मारल्या, आणि वहाणा तिथंच विसरून माळ उतरायला लागले. वाटेत ऊसतोडीच्या एका ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, एक धनगरीण पिवळी कुत्री घेऊन दवाखान्याकडं गेली.

दवाखान्याच्या आवारात मांडव होता. माणसं कुत्री-मांजरं धरून रांगेत बसली होती. कुणाचं मांजर भाजीच्या पिशवीत, कुणाचं बुट्टीखाली. मांडवाच्या खांबाला टेकून एक साठीची बाई बसली होती, डोईवर पदर, हातात पितळी कडी. तिच्या एका बाजूला काळी धनगरी कुत्री आणि दुसऱ्या बाजूला, तिच्या मांडीवर हनुवटी टेकून, पिवळी. कवडीच्या दोऱ्यातच नंबराची चिठ्ठी अडकवलेली. मी धापा टाकत तिच्यापुढे उभी राहिले आणि पहिल्यांदा तिच्यावरच खेकसले, कुणाला विचारून आणलंत म्हणून.

ती बाई रागावली नाही. ‘आवं, दोरी वढत वाटंवर हिंडत हुती. म्या म्हनलं, रांगंतनं सुटून गेली आसंल. नंबर जाईल म्हून घिऊन आले, हितं चिठ्ठी लावून घेतली.’ ती जत तालुक्यातली होती. मेंढरं घेऊन इकडे चरायला आलेली, नवरा मेंढरांपाशी आणि ही तिच्या काळीला घेऊन इथे. मी जरा वरमले. तिच्याशेजारी मातीत बसले आणि का कुणास ठाऊक, सगळं सांगून टाकलं. नवस, कवडी, न पडलेली पाकळी. हिला शस्त्र चालत नाही, ही देवाची आहे, असं म्हटलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळून नीट बघायला लागली.

‘मग ही कुणाची हाय?’ तिने काळीच्या पाठीवर हात ठेवला. ‘आमच्या मेंढरांच्या वाड्यावरची समदी कुत्री खंडोबाचीच. येगळी सोडावी लागत न्हाईत. बोकडाला सुरी लावली तर बोकाड मरतं, म्हून लावायची न्हाई. हितं मराया कुनाला आणलंय?’ आणि मग अगदी सहज, जशी शेजारीण भांडं परत करते तशी, तिने पिवळीच्या दोरीचं टोक माझ्यापुढे धरलं. ‘सोडली म्हनता, बाई, आन् धरून ठेवता. घ्या, तुमची दोरी. न्ह्यायची तर न्ह्या.’

मी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला. मी कधी काही सोडलंच नव्हतं, हे मला तिथे, त्या मातीत बसून कळलं. कवडी देवाची बांधली आणि दोरी माझ्या मुठीत ठेवली. नवरा गेल्याचा राग ठेवला, सहीची भीती ठेवली, आणि वर देवालाच विचारत बसले की बोल. मला फार रडू आलं. त्या बाईने मला रडू दिलं. दोरी मी घेतली नाही.

एवढ्यात आतून नंबर पुकारला. हिरवी टोपी घातलेल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, ‘काल रात्रीपासून काही खायला दिलंय का? पोट रिकामं नसेल तर आज करता येणार नाही.’ रविवारी माझा उपवास. चूल दुपारी देवळातून आल्यावर पेटते, आणि पिवळीला तोवर काही मिळत नाही. मी नाही म्हटलं. कागद पुढे आला. मी सही केली. पिवळीला आत धनगरीण मावशींनी नेलं.

दुपार कशी गेली ते आठवत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं तेव्हा पिवळी चटईवर निजली होती, जीभ जराशी बाहेर, पोट संथ वरखाली होत होतं. त्या म्हणाल्या, गर्भाच्या पिशवीत पू धरायला लागला होता, बरं झालं आज आणलंत. मी खाली वाकून टाके बघितले. बारीक, सारख्या अंतराचे, ओढ न पडलेले. मला असे जमले नसते, असं मी म्हटलं तेव्हा त्या हसल्या. बाहेर आले तर मावशी काळीला खांद्यावर टाकून निघून गेल्या होत्या. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा तळ शोधला, पण मेंढरं पुढे गेली होती, रानात नुसत्या लेंड्या होत्या.

पुढच्या रविवारी पिवळीला घरी ठेवून मी देवळात गेले. माझ्या वहाणा आबांनी पायरीच्या कडेला जपून ठेवल्या होत्या. मी नमस्कार केला आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, ‘आबा, त्या दिवशी पाकळी पडली का?’

‘पडली की. तू गेलीस आन् पडली.’

‘कुठली?’

आबांनी खराटा उचलला. ‘ते कुठं बघत बसू? झाडून टाकली.’

मी पायरीवर बसून पोट धरून हसले. इतकी वर्षं त्या देवळात येते, पण तिथे हसल्याचं मला आठवत नाही. देवाकडे बघितलं. भांडायला काही सुचेना, तेव्हा नुसतीच बसून राहिले.

आता संस्थेची गाडी येणार असली की डॉक्टर मला आधी कळवतात. ऑपरेशन झालेल्या जनावराने टाके चाटू नयेत म्हणून पोटाला अंगरखा बांधावा लागतो. ब्लाऊजच्या उरलेल्या कापडांतून मी ते शिवून देते. परवा एक रहिमतपूरची बाई आली होती. तिच्या कुत्रीच्या गळ्यातही कवडी होती आणि ती तीनदा रांगेतून उठून परत बसली. मी तिला काही समजावलं नाही. तिच्याशेजारी मातीत बसले आणि म्हटलं, ‘हात भरून आला असंल. द्या जरा, मी धरते दोरी.’