पाव इंचाचा छर्रा

धाकट्या दिरांनी मुंबईहून हवेची बंदूक आणली, त्या उन्हाळ्यात आमच्या बियाण्याच्या भाताला घुशी लागल्या होत्या. भात हळवं, लवकर पिकणारं. पनवेलच्या वेशीबाहेर माळाला लागून आमचं खाचर होतं. तिथे गणपतीनंतर पाणी टिकत नाही, म्हणून दुसरं भात चालत नसे. बियाण्याची कणगी मागच्या पडवीत होती.

मी लोखंडी सापळा आणवला होता. भावजींनी तो मित्राला देऊन टाकला. सापळ्याने घूस बिचकते आणि नेम साधत नाही, असं त्यांचं म्हणणं.

साध्या हवेच्या बंदुका गावात दोघातिघांकडे होत्या, त्यांचे छर्रे बाजारात मिळत. पण भावजींना साधं काही चालत नसे. यांच्या बंदुकीची नळी पाव इंचाची. कुणी साहेब देश सोडताना विकून गेलेली. तिचा गुण एकच. चार हातांवरून छर्रा लागला तर घूस जागीच आडवी होई. बारीक छर्‍याने ती बिळात जाऊन मरते आणि घरभर वास सुटतो. हा गुण मी दोनदा पाहिला. एरवी तो जड छर्रा अंगण ओलांडायच्या आत जमिनीला टेकायचा. स्प्रिंग ताणायला गुडघा लावावा लागे, तोवर घूस जेवून जाई. छर्रे मुंबईत एकाच दुकानात मिळत, तेही नेहमी नाहीत.

ते संपले. भावजी आमच्या नेहमीच्या कोळणीकडे गेले आणि जाळ्याला लावायचं शिसं मागू लागले.

"जाळं नाय, होडी नाय, शिसं कशाला, दादा?"

"घुशीसाठी."

"मंग घूस काय पान्यात बुडवणार हाय?"

तिने शिसं दिलं. भावजींनी ते ठोकून, कानस मारून गोळ्या केल्या. विकतचा छर्रा मागून पोकळ असतो, या गोळ्या भरीव. पहिलीच नळीत अडकली. ती काढायला घातलेली छत्रीची काडीही आत मोडली.

"भावजी, दुसरा सापळा आणू का?"

"थांबा हो वहिनी. नळी मोकळी झाली की निकाल लावतो."

बंदूक लोहाराकडे पडून राहिली आणि घुशींनी कणगीचा तळ फोडला. मी उरलेलं भात पाखडून डब्यात भरलं. ते निम्म्या खाचरालाही पुरेना. आपटा गावच्या आत्तेसासूबाईंनी बियाणं दिलं, पण ते गरवं, उशिरा पिकणारं. त्यांच्या शेताला नदीचा ओलावा आहे. आमच्या माळाला कुठला?

गणपती गेले, पाऊसही गेला. गरवं भात लोंबी बाहेर पडायच्या आधी, पोटरीत असतानाच वाळलं.

भावजी बांधावर उभे राहिले. "वहिनी, नळी थोडी बारीक घेतली असती ना, तर ही वेळ आली नसती."

गरव्यात दाणा नव्हता, पण गुरांना पेंढा लागणारच होता. मी विळा त्यांच्या हातात दिला आणि घरी आले.