बाकड्याची फळी

जिंतूरच्या बसस्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. टेम्पोची धडक बसून मोटारसायकलवरून पडला, मणका मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. बोलता बोलता तो चाकाच्या खुर्चीवर दोन्ही हात रेटून अंग वर उचलतो आणि पुन्हा टेकतो. बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून. वाक्य मात्र तुटू देत नाही. पायांना तो ‘हे दोघं’ म्हणतो. “ह्या दोघायला ऊन लागायलंय, त्यायला कळत न्हाई,” म्हणत हातानं उचलून सावलीत ठेवतो.

परवा दुपारी दुकानासमोरच एक मोटारसायकलवाला पडला. लोक धावले आणि काखेत हात घालून त्याला बसवायला लागले.

“उठवू नका!” हा खुर्चीतून ओरडला. “मणका जाईल त्याचा! आडवाच ऱ्हाऊ द्या. माझ्या बाकड्याची फळी काढा!”

त्या फळीवर निजवूनच लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी मी सहज विचारलं, “तुम्हाला तेव्हा कुणी उचललं होतं?”

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. रोज त्याची खुर्ची ढकलत घरी नेणारा जुना मित्र दोन कप चहा घेऊन येत होता.

“ह्यानंच. पाणी पाजलं, रिक्षात बसवून नेलं. लय रडला माझ्यासाठी.”

मित्र जवळ आला, तसा त्यानं आवाज खाली घेतला.

“ह्याच्यासमोर फळीचा विषय काढू नका.”