फिल्टरवरच्या तारखा

माझ्या दादाला कामावरचे लोक हुंग्या म्हणतात. नाकच तसं आहे. दूध नासायच्या आधी त्याला कळतं, आणि पाहुणा काय खाऊन आलाय हे तो दारातच ओळखतो. एसी दुरुस्त करता करता तो मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या एका दवाखान्यात लागला. तिथे एक बंद खोली आहे. बाईच्या पोटात ठेवण्याआधी गर्भ पाच दिवस त्या खोलीतल्या पेटीत वाढवतात. आत येणारी हवा गाळायची आणि खोलीचं तापमान जराही हलू द्यायचं नाही, हे दादाचं काम.

"डॉक्टर कसे आहेत मला माहीत नाही," तो म्हणाला होता, "पण तिथली हवा माझ्या हातात आहे." त्या एका वाक्यावर मी आणि माझ्या नवऱ्यानं तो दवाखाना निवडला.

उपचाराच्या दोन खेपा फुकट गेल्या. दोन्ही वेळा गर्भ तिसऱ्या दिवशीच वाढायचे थांबले. डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "बाहेर केवढं ऊन आहे, केवढा धूर आहे. तुम्ही फिरता फार. शिवाय ताण घेता." मी ते मुकाट ऐकून घेतलं, याची मला आजही किळस येते. मी नोकरी सोडली, खिडक्या लावून घेतल्या, घरात मास्क लावून भाजी चिरली. सासूबाईंनी माझं गच्चीवर जाणंही बंद केलं. आणि त्या दवाखान्याच्या मागे, बाहेरची हवा आत ओढणाऱ्या जाळीच्या बरोबर खाली, जनरेटर काळा धूर ओकत असायचा. उन्हाळ्यात वीज रोज जायची.

तिसऱ्या खेपेत, स्त्रीबीजं काढायच्या आदल्या दुपारी दादा आला. पाणी प्याला आणि मला धीर द्यायला म्हणाला, "घाबरू नकोस. या वेळी खरंच नवा फिल्टर बसवलाय. मी अडूनच बसलो."

"खरंच म्हणजे?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. मग एकेक सांगू लागला. मॅनेजर नवा मागवत नव्हता. जुनाच काढायचा, झटकायचा, नव्या तारखेची चिठ्ठी लावायची आणि परत बसवायचा. तपासणीला येणारे चिठ्ठीच बघतात.

"माझ्या वेळीसुद्धा?"

"मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय."

धुरामुळेच झालं असं आता कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण दुधाचा वास कळणारं ते नाक तेव्हा कुठे गेलं होतं? मला त्याच्या शेजारी बसवेना. आणि उद्या मला त्याच दवाखान्यात जायचं होतं. इंजेक्शनं घेऊन झाली होती, आता थांबता येत नव्हतं.

काढलेला फिल्टर बाहेर त्याच्या स्कूटरला बांधलेला होता, फेकायला. मी दोरी सोडली. फिल्टरच्या कागदी घड्यांमध्ये काजळी बसली होती. बोट लावलं तर तेलकट लागलं. कडेवरच्या चिठ्ठीवर माझ्या दुसऱ्या खेपेच्या आठवड्यातली तारीख होती. मी ती नखानं सोलली. खाली पहिल्या खेपेची निघाली. तिच्याखाली आणखी दोन होत्या, कुठल्या बायांच्या कोण जाणे.

अक्षर सुरेख होतं. शाळेत असताना माझ्या वह्यांवर नाव दादाच घालायचा.