जेट्टीवर शरण आलेला तिसरा

मी मासळीचा व्यापारी. माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय तोंडातून भाव काढत नाही. भूतबाधा, देवऋषी असल्या गोष्टींना मी कधी दारातही उभं केलं नाही. तरी हे लिहितोय, कारण गावात माझ्याबद्दल जे बोलतात ते आता ऐकवत नाही...

आगरदांड्याच्या खाडीत बंदरासाठी गाळ काढायला सुरुवात झाली आणि आमची जाळी रिकामी येऊ लागली. आम्ही बोटी आडव्या लावून वाट अडवली. पुढारी तिघं — दामू नाखवा, मुरुडचे इब्राहिमचाचा आणि मी. बोलणी माझ्याकडे. टोपलीत बांगडे घेऊन एसटीनं माणगावचा बाजार करत वर आलेला माणूस मी, घासाघीस मला कोणी शिकवायला नको.

पण दगडफेक झाली, एकाचं डोकं फुटलं आणि सशस्त्र दलाच्या बोटींनी आमच्या बोटींना वेढा घातला. आम्ही तिघं किनाऱ्यावर लपलेलो, आमची माणसं पाण्यात अडकलेली. त्यांच्याकडचं पिण्याचं पाणी संपलं. निरोप आला — तिन्ही पुढाऱ्यांनी हात वर करून जेट्टीवर यायचं, मगच बोटी सुटतील. दोघं चालणार नाहीत.

आणि दामू नव्हता! आदल्या संध्याकाळी पाण्याचे कॅन घेऊन छोट्या होडीतून तो बोटींकडे निघाला होता. होडी उलटी सापडली. दामू नाही.

मी म्हटलं, दलाच्या साहेबाला खरं सांगून टाकू. तशी दामूची बायको तुळसावहिनी अंगावरच आली.

"दर्यात हाय तवर न्हाय म्हनायचं नस्तं, भावजी! कोनी इचारलं तर येतोय म्हनायचं."

इथल्या कोळ्यांच्या घरातली ही रीतच आहे. माणूस सापडेपर्यंत 'गेला' म्हणत नाहीत.

"वहिनी, तिथं बंदूकवाले आहेत. त्यांना तुमची रीत कोण समजावणार?" मी ओरडलो.

"तुमी! एवढं त्वांड हाय ना!"

भर दुपारी मी आणि चाचा हात वर करून जेट्टीवर गेलो. साहेबानं विचारलं, "तिसरा कुठे आहे?"

माझ्या तोंडून निघालं, "येतोय. मागनं येतोय."

चाचांनी डोळे मिटून घेतले. मी लगेच बोलणं दुसरीकडे वळवलं — आधी बोटींवर पाणी पाठवा, मग आम्हाला हात लावा.

"मासळीबाजार समजलात काय?" साहेब भडकला. मग माझ्या डाव्या बाजूला बघून एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे. आले तिघे. सोडा बोटी... आणि याला टॉवेल द्या कोणीतरी, किती भिजलाय."

मी डावीकडे बघितलं. रिकामी जेट्टी, ऊन, बाकी काही नाही. वाटलं, थट्टा करतोय. डोकं सणकलं... पण समोर वेढा सुटत होता, पाणी चाललं होतं. मी हात वरच ठेवले.

गाडीत चढवताना आम्ही दोघंच भरलो. जवान तिसऱ्याला शोधत धावले. तोवर बोटी लांब गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दामू दिघीच्या बाजूला सापडला. डॉक्टर म्हणाले, आम्ही शरण जायच्या आधीच गेलेला.

जामिनावर सुटून घरी आलो, तर दामूचा मुलगा किसन वाटेत आडवा. तो त्या दिवशी बोटीवर होता.

"काका, बा तुमच्या बाजूला उभा व्हता. हात वर करून. तुमी त्याला वाकवलात."

"अरे, तुझा बाप तेव्हा—"

"सगल्यांनी बगितला!"

खरंच सगळ्यांनी. प्रत्येक बोटीवरच्या माणसांनी. चाचांनीसुद्धा. "मैंने भी देखा," ते म्हणाले. "मला वाटलं तुम्हालाही दिसतोय, म्हणून तर तुम्ही 'येतोय' म्हणालात."

आता गाव माझ्याबद्दल म्हणतं, शेठनं मेलेल्या नाखव्याला मासळीसारखा बर्फात घालून विकला. मी भांडलो, शिव्या दिल्या, एकाची कॉलर धरली. उपयोग शून्य. पाणी मिळालं, माणसं वाचली, ते कोणी बोलत नाही.

परवा तुळसावहिनी स्वतः आल्या. बसल्या नाहीत.

"भावजी, मान खाली व्हती का त्यांची? लोक कायबी सांगत्यात. तुमी तर जवल व्हतात... तुमीच सांगा."

आयुष्यभर बोलून कमावलं मी. त्या बाईपुढे मी नुसता पाण्याचा तांब्या सरकवला. साऱ्या खाडीला जो दिसला तो हातभर अंतरावरच्या मला का दिसला नाही, कोणाला सांगता येत असेल तर सांगा. मला नाही येत.