वहिनींच्या कॉम्प्युटरची तारीख

धाकटे दीर म्हणजे कपड्यांच्या कारखान्यातले कॉम्प्युटरवाले. माउसला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एन्टर दाबायचं आणि खुर्चीत रेलून बघ्यांकडे बघायचं, असा सगळा थाट. त्या ओळीचं काम एवढंच: वहिनींचं फोल्डर आणि कटिंग खात्याचं फोल्डर ताडून बघायचं, आणि ज्या फाइलची तारीख नवी, ती जुनीवर चढवायची.

वहिनी आधी बटणं लावायच्या टेबलावर होत्या. दिरांनीच शब्द टाकून त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं. कपड्यांचे नमुने त्या इतके चोख काढत की कटिंग मास्तरही मान डोलावत. त्यांनी दोनदा सांगितलं होतं, "भाऊजी, हा तारीख चुकीची दाखवतोय हो. भलतंच जुनं साल आलंय."

"तारखेशी तुम्हाला काय करायचंय? तुम्ही बाह्या काढा," म्हणाले हे शहाणे.

मग व्हायचं तेच झालं. वहिनींनी बाह्या, कॉलर, सगळं दुरुस्त केलं, पण त्यावर तारीख पडली जुन्या सालाची. दिरांनी थाटात एन्टर दाबलं, आणि कटिंगमधले चुकीचे नमुने वहिनींच्या नव्या कामावर जाऊन बसले. त्याच मापानं ढीगभर कापड कापलं गेलं.

मालकांनी जाब विचारला. दिरांना तेव्हाच सगळं उमगलं होतं. पण चार माणसं उभी, आणि तोंडातून निघून गेलं, "वहिनी सेव्ह करायला विसरल्या असतील."

वहिनी परत बटणांच्या टेबलावर गेल्या. दिरांनी गुपचूप त्या कॉम्प्युटरची तारीख सांभाळणारी बॅटरी बदलली. तिकडून जाताना ते आता मोबाइलमध्ये डोकं घालून जात. लाज वाटायची, दुसरं काय.

सुट्टीच्या दिवशी जेवताना दादानं विषय काढलाच. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजींच्या शब्दावर खुर्ची मिळाली आणि मी त्यांचंच नाक कापलं. सेव्ह केल्याचं मला लख्ख आठवतंय. म्हणजे बघा, डोकं कसं झालंय माझं."

दिरांनी हातातला घास ताटात ठेवला. "वहिनी, ते..."

"राहू द्या भाऊजी. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत मला. दुसरं कुणी असतं तर?"

त्यांनी दिरांच्या ताटात आणखी वाढलं. दिरांनी मान खाली घालून ते संपवलं.