खालच्या मळ्याच्या चौदा सळया

तुमच्या घराखालची जमीन गेल्या वर्षी जिथे होती तिथेच आज आहे, हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगता?

देशमाने सर हा प्रश्न विचारायचे तेव्हा लोक हसायचे. मीही हसले होते. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या बहिणीचा, सुशीलाताईंचा फोन आला. "दादा गेला गं. काल दुपारी झोपला तो उठलाच नाही..." मग म्हणाल्या, "परवा अमावास्या. मळ्यावर आता कोण जाणार?" भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीला ही काळजी पडावी, यातच सरांच्या शेवटच्या वर्षांचं सगळं आलं.

खालचा मळा म्हणजे शहराच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठचा उतार. वर मेथी, कोथिंबीर आणि झेंडूचे वाफे, खाली अकरा घरं, त्याखाली नदी. सत्त्याण्णव साली मी तिथे गेले ती त्या घरांच्या भिंतींना जाणाऱ्या तड्यांवर पत्रक लिहायला. माझ्या वडिलांचा पंचवटीत छोटा छापखाना होता. मोर्च्यांची, संपांची, निषेधाची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले, आणि उद्गारचिन्हांचे खिळे आमच्याकडे नेहमी कमी पडत. मळ्यात एक टोपीवाले गृहस्थ दोरी ताणून वाकलेले दिसले. हेच देशमाने सर; तंत्रनिकेतनात आयुष्यभर सर्वेक्षण शिकवून ते निवृत्त झाले होते. उताराच्या दोन्ही कडांना पक्का खडक होता. त्या दोन खडकांच्या मध्ये त्यांनी चौदा लोखंडी सळया एका रेषेत ठोकल्या होत्या. खडक हलत नाही. मधली जमीन सरकली की सळया तिच्याबरोबर नदीकडे सरकतात. खडकापासून खडकापर्यंत दोरी ताणायची आणि प्रत्येक सळई दोरीपासून किती लांब गेली ते पट्टीनं मोजायचं, एवढंच काम. अमावास्येला मळ्यात औत जुंपत नाहीत, कुणाचा खोळंबा होत नाही, म्हणून दिवस अमावास्येचा.

"उतार कोसळतोय असं लिहू का, सर?"

"किती सरकला ते लिही."

"मिलिमीटर वाचून कोण पेटून उठणार?"

"पेटायचं कशाला? उठलं तरी पुरे," ते म्हणाले आणि दोरीचं टोक माझ्या हातात दिलं.

वर्षभर मी ते टोक धरलं. मधल्या सळया हळूहळू पुढे येत गेल्या, रेषेला पोट सुटलं. सरांचं म्हणणं होतं की आणखी दोन पावसाळे मोजू, मग अर्ज करू. मला तेवढा धीर नव्हता. त्यांना न विचारता मी पत्रक छापलं, 'हा पावसाळा अकरा घरांचा शेवटचा!', आणि भाजीबाजारात वाटलं. त्याचा गवगवा झाला, पाहणीला सरकारी कचेरीतून साहेब येणार असं ठरलं. आदल्या दिवशी मी मळ्यात घरोघर सांगत फिरले, "साहेब येतायत, सगळं नीटनेटकं ठेवा."

त्यांनी ठेवलं. अंगणं सारवली, बांध साफ केले आणि रेषेतून बाहेर गेलेल्या सळया उपटून, वाफ्याची दोरी लावून, पुन्हा एका ओळीत ठोकल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक डोळा मिटून ओळ पाहिली. रोपांच्या सरीसारखी सरळ होती. सरांनी वही पुढे केली तेव्हा साहेब म्हणाले, "अहो, एकट्यानं लिहिलेल्या वहीला काय अर्थ?" आणि जीपमध्ये बसले. पार्वताबाई, जिच्या झेंडूतून ती रेषा जात होती, कौतुकाच्या अपेक्षेनं पुढे आली. "लय वाकड्या दिसत व्हत्या, सर. चारचौघांत तुमाला खाली पाहाया नको." सरांनी वही मिटून काखेत घेतली. मग म्हणाले, "दोरी चांगली धरलीस, बाई."

त्या पावसाळ्यात घरं पडली नाहीत. लोक पत्रकाला हसले, आणि पत्रकाबरोबर सरांनाही. पुढच्या अमावास्येला त्यांनी पहिल्यापासून मोजणी सुरू केली. मी गेले नाही. पार्वताबाईच्या अडाणीपणामुळे घोळ झाला असं मी सांगत सुटले. सात वर्षं सांगितलं.

मागच्या वर्षी मी अखेर मळ्यावर गेले. सर उतारावर एकटेच होते. दोरीच्या दुसऱ्या टोकावर दगड ठेवलेला. "नीटनेटकं ठेवा असं मीच सांगितलं होतं, सर," मी म्हणाले. "ठाऊक आहे. पार्वताबाईनं त्याच दिवशी सांगितलं," असं म्हणून त्यांनी टोपी सारखी केली. "तो दगड घसरतो गं. जरा धर." त्यानंतर या विषयावर आम्ही कधी बोललो नाही... आणि मीही पुढे दोनदाच गेले. कामं होती. कामं असतातच.

त्यांच्या जाण्यानंतरच्या अमावास्येला मी आणि पार्वताबाईनं दोरी ताणली. मधली सळई आता वीतभर बाहेर आहे, आणि या वर्षी ती पूर्वीपेक्षा वेगानं सरकते आहे. घरं कधी पडतील ते मला माहीत नाही, आणि या वेळी मी ते लिहिणार नाही. सुशीलाताईंनी मला वही दिली. साहेब जीपमध्ये बसून गेले त्या महिन्यापासून सरांनी प्रत्येक पानावर उजवीकडे एक जादा रकाना आखला आहे. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे, 'साक्षीदार'. पानं उलटत गेले. आकडे आहेत, तिथी आहे, पावसाची नोंद आहे. तो रकाना पानामागून पान कोरा आहे; मागच्या वर्षी मी गेले त्या दिवशीही त्यांनी माझं नाव मागितलं नाही.

ही वही घेऊन मला पावसाळ्याआधी त्याच कचेरीत जायचं आहे, अकरा घरांना वर जागा मागायला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तो एकदा खोटा ठरला आहे. येत्या अमावास्येला सकाळी आठ वाजता खालच्या मळ्यावर या. पट्टी आपली आपण आणा. सळईपाशी वाका, आकडा स्वतः वाचा, आणि त्या रकान्यात आपलं नाव लिहा.